खिडकीचा दर

"परवडायचं नाय तुमाला."

आमच्या आळीत काम करणाऱ्या सुताराचं हे पहिलं वाक्य. समोर कोण उभं आहे आणि काम काय आहे, हे ऐकून घेण्याआधीच तो हे म्हणायचा. म्हणता म्हणता कानावरची पेन्सिल काढायचा, तिच्या टोकाकडे गंभीरपणे बघायचा आणि पुन्हा कानावर ठेवायचा. कागद त्याच्याजवळ मी कधी पाहिला नाही.

सासूबाईंच्या विळीचा पाट चिरला होता. तो बदलायला बोलावलं, तर पाट हातात घ्यायच्या आधी म्हणाला, "परवडायचं नाय तुमाला." सासूबाई म्हणाल्या, "मेल्या, विळीचा पाट आहे, पालखी नव्हे!" टेकडीखालच्या डॉक्टरांनाही दवाखान्यातल्या बाकाबद्दल त्याने हेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "परवडेल रे, तू दर तर सांग." त्याने सांगितला. डॉक्टर म्हणाले, "बरं, कर." झालं! बिचारा चिंतेत पडला. "येवडे कशाला देता? पाय जुनेच ठेवू, फळी फक्त नवी घालू, मंग कमी व्हईल," असं म्हणत त्याने आपणच आपला दर अर्ध्यावर आणला.

"ह्याच्याशी घासाघीस करायची म्हणजे गप्प बसायचं," असं सासूबाई म्हणत. तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल. त्याला पैसे नको असतात असं नाही, पण मागून मिळाले की तो कावराबावरा होतो.

उंच होता, पण वाकलेला. भुवयांत कायम लाकडाचा भुसा. हसू आलं की तोंडावर हात धरायचा, जणू हसण्याचेही कोणी पैसे मागेल.

ही एकोणीसशे पंचवीस सालाच्या आगेमागची गोष्ट. मी लांज्याकडची. लग्न होऊन रत्नागिरीला आले, ती थेट माजघराच्या मागच्या खोलीत. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला धान्याची कोठी, वर माळा. चौथी भिंत तेवढी बाहेरची, पण ती चिऱ्याची, हातभर जाडीची आणि सबंध बंद. दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय त्या खोलीत पातळाचा रंग कळत नसे. पावसाळ्यात ओली लाकडं धुमसायची आणि सगळा धूर माझ्या खोलीत येऊन बसायचा, कारण त्याला पुढे जायला वाट नव्हती. मलाही नव्हती.

मुलगी झाल्यावर मला दम्याने धरलं. अंथरुणावर आडवं होता येईना. पाटावर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकायचं आणि एकेक श्वास ओढून आणायचा. डॉक्टर आले, खोलीत उभे राहिले आणि औषधाचं बोलायच्या आधी म्हणाले, "हिला वारा द्या. ह्या खोलीत धडधाकट माणूससुद्धा आजारी पडेल." पण पुढची खोली मामंजींची, माडी पुरुषांची आणि ओटी पाहुण्यांची. घरातल्या सुनेला जागा होती ती एवढीच. तेव्हा खोली बदलायची गोष्ट कोणी काढलीच नाही. भिंतीला खिडकी पाडायचं ठरलं.

ती भिंत आमची, पण भिंतीपलीकडचं अंगण मामंजींच्या चुलतभावाचं. आसपासच्या दोन-तीन गावांचे ते खोत, म्हणून आम्ही त्यांना खोतकाका म्हणायचो. दोन्ही घरांत कुठल्याशा जुन्या वाटणीवरून बोलणं बंद होतं. खिडकीची कुणकुण लागताच त्यांनी कारभाऱ्याकडून निरोप पाठवला, "आमच्या अंगणात दुसऱ्याच्या घराचे डोळे नकोत." मामंजींनी वकिलाला विचारलं. वकील म्हणाले, भिंत तुमची आहे, खुशाल पाडा. पण पाडायची कोणी? गवंडी आजारी पडला. एका सुताराला अचानक चिपळूणला काम निघालं. खोतांशी वाकडं घ्यायला कोणी तयार नव्हतं.

माझे यजमान शाळेत मास्तर होते. शेवटी त्यांनी आपल्या ह्या सुताराला आणलं. मी दाराआड उभी होते. त्याने भिंतीवर तळहात फिरवला, अंगठ्याने चिऱ्याचा सांधा चाचपला.

"परवडायचं नाय तुमाला, मास्तर."

"ते ठाऊक आहे. दर सांग."

त्याने दर सांगितला. सासूबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. तेवढ्यात आमची मागची पडवी नव्याने उभी राहिली असती! यजमान हसले. त्याच्या रीतीप्रमाणे तो आता खाली येईल, म्हणून ते गप्प बसले. तोही गप्प. मग पेन्सिल कानावर ठेवून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तर दर वाढलेला. त्याच्या पुढच्या वेळी आणखी वाढलेला. मामंजी भडकले. "अडलेला माणूस बघून सोकावला," म्हणाले. मलाही राग आला. रात्रंदिवस श्वास मोजणाऱ्या माणसाला राग फार लवकर येतो. माझ्या हातात माहेरच्या पाटल्या होत्या. त्या मी यजमानांपुढे ठेवल्या. सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण नको म्हणाल्या नाहीत.

तो आला तेव्हा मी रीत सोडून दारात येऊन उभी राहिले.

"सुतारभाऊ, तुम्ही सांगाल तो दर कबूल. उद्यापासून काम धरा."

त्याचा चेहरा पडला. पैसे मिळणार म्हणून एखाद्याचा चेहरा असा पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. पायरीवर खालीच बसला.

"वैनी, तुमी व्हय म्हणू नये म्हणून सांगत व्हतो."

"म्हणजे?"

"माझं घर खोतांच्या जमिनीवर हाय. वासे माझे, कुडाच्या भिंती माझ्या, भुई त्यांची. ह्या भिंतीला पहार लावली की संध्याकाळी मी रस्त्यावर. म्हातारी हाय, बायको हाय, दोन पोरी हायत." मग अगदी हळू म्हणाला, "तुमाला नाय म्हणवत नव्हतं. व्हय म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, दरच आसा सांगू की तुमीच नको म्हणाल."

मामंजी आतून म्हणाले, "मग आधी बोलायला काय झालं होतं?"

तो उठून उभा राहिला. "खोतांच्या भयानं काम सोडलं, ह्ये कुठल्या तोंडानं सांगू, अण्णा? महाग हाय म्हणून सोडलं, ह्ये बरं दिसतं."

मी म्हटलं, "राहू दे. नको खिडकी." आणि आत गेले. आत म्हणजे त्याच खोलीत. दुसरीकडे जाणार कुठे?

त्यानंतर तो दर चार-आठ दिवसांनी काही ना काही निमित्त काढून यायचा. कडी ढिली झाली असेल, म्हणायचा. दार घासतंय का बघतो, म्हणायचा. एकदा त्याने माळ्याची एक फळी कापली आणि वरच्या छपरात कौलांमध्ये एक काचेचं कौल बसवलं. छप्पर आमचं आणि वर आभाळ, त्यामुळे खोतकाकांना बोलायला जागा नव्हती. खोलीत ताटाएवढा उजेड पडला. माझी मुलगी त्या उजेडात बसून आपलीच बोटं बघत राहिली.

मी म्हटलं, "छान झालं हो."

"उजेड आणला, वैनी," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "वारा नाय आणता आला."

त्या पावसाळ्यात माझं काही खरं नव्हतं. गणपतीच्या आदल्या दिवशी, मूर्तीवर फळं-पानं टांगायची माटवी बांधायला तो घरी आला होता. स्वयंपाकघरात मोदकांची तयारी, चुलीवर मोठं पातेलं, लाकडं ओली. दुपारी मला जी धाप लागली, ती थांबेचना. पाठ कोठीच्या भिंतीला लावली, दाराकडे तोंड केलं, तरी छातीत काही शिरेना. नखं निळी पडली. सासूबाईंनी माझी मुलगी उचलून बाहेर नेली. यजमान डॉक्टरांकडे धावले. सगळं घर त्या एका दारात येऊन उभं राहिलं, आणि दारातून जो काय वारा येत होता तोही बंद झाला.

त्या गर्दीच्या मागे मला त्याचा चेहरा दिसला, सगळ्यांच्या वर. मग तो दिसेनासा झाला.

आणि भिंतीत धप् असा आवाज झाला.

तो खोतकाकांच्या अंगणात शिरला होता. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, आमच्याच परसातली पहार घेऊन. दुसरा घाव बसला, तिसरा बसला. खोतांचे गडी धावले. मग खोतकाकांचा आवाज आला. भिंतीपलीकडचा होता, तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"कोणाच्या भुईवर राहतोस रे तू?"

"तुमच्याच," तो म्हणाला. आणि घाव घातला.

"आज दिवस मावळायच्या आत..."

"व्हय जी. आधी ह्यो चिरा निघू दे."

गड्यांनी त्याला धरलं कसं नाही, हे मला पुढे कळलं. आतलं माझं घरघरणं त्या मोकळ्या झालेल्या सांध्यातून त्यांनाही ऐकू येत होतं. चिरा हलला, आत कलला आणि माझ्या पायाजवळ येऊन पडला. लाल धुळीचा लोट उठला. आणि मग धूळ खाली बसण्याच्या आतच पावसाने भिजलेला गार वारा आला. ओल्या गवताचा, शेणाचा, खोतकाकांच्या गोठ्याचा वास होता त्याला. मी त्या भोकाला तोंड लावून बसले. भोकाच्या पलीकडे त्याचे हात तेवढे दिसत होते, कोपरापर्यंत लाल झालेले.

दुसऱ्या दिवशी चौकट आली. फणसाच्या लाकडाची, रंधा मारून तेल दिलेली, झडपांसकट. लाकूड वाळवून चौकट घडवायला वेळ लागतो हे मलाही माहीत होतं. मी विचारलं, "ही केव्हा केलीत?"

"तुमी नको म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी धरली," तो म्हणाला. "घरात पडून व्हती. बायको म्हणायची, ही कुणाची? म्हटलं, गिऱ्हाईक अजून ठरलं नाय."

पाटल्या मी पुढे केल्या. त्याने हात मागे घेतले. "त्यो दर खोटा व्हता, वैनी." आणि यजमानांकडून लाकडाचे आणि मजुरीचे, आळीत सगळ्यांकडून घ्यायचा तेवढेच घेतले.

खोतकाकांनी आमच्यावर काही केलं नाही. वकिलाचं त्यांनीही ऐकलं असावं. जे करायचं ते त्यांनी त्याच्यावर केलं. सण होता म्हणून गणपती जाईपर्यंत थांबले, एवढीच मेहेरबानी. मग त्याने आपलं घर आपल्याच हातांनी उतरवलं. वासे त्याचे होते. मामंजींनी आमच्या वाडीत झोपडं बांधायला जागा देऊ केली. मामंजींचा स्वभाव बघता हे फार मोठं होतं. पण तो नाही म्हणाला. "दोगांच्या मधल्या कुंपणावर किती दिस बसू, अण्णा? ह्या आळीत मला आता त्यांची भुई नायतर तुमची." जयगडला गलबतं बांधायचं काम चालू होतं. तिथे मेहुणा होता. तिकडे जायचं ठरलं.

जायच्या आधी त्याची बायको मागच्या दारी आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. घर गेलं ते माझ्यापायी. तिने माझ्या अंगावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "जीव बरा हाय ना आता?"

मी मान हलवली. मला वाटलं आता ती बोलेल, बोलावं असंही वाटलं.

"माझा माणूस सगळा पावसाळा झोपला नव्हता," ती म्हणाली. "उठायचा, चौकटीवर हात फिरवायचा, परत पडायचा. आता झोपतो." तिने पदराखालून थोडे काजूगर काढून माझ्या मुलीच्या हातात दिले आणि गेली.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते त्या खिडकीतून. ते लोक पडावाने निघणार होते, त्या दिवशी सकाळी तो खोतकाकांच्या अंगणात आला. भुई रिकामी केल्याचं सांगायला यावंच लागे. खोतकाका ओटीवर पान लावत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. तो चिखलात उभा राहिला, डोकीचं मुंडासं काढून हातात धरून. त्याचा बाप असाच उभा राहिला असेल, आजाही. कारभाऱ्याने काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं. मग वाकून ओटीच्या पायरीला हात लावला, तो हात कपाळाला नेला आणि पुन्हा तसाच उभा राहिला. जा म्हणेपर्यंत जायचं नसतं.

मी खिडकीत होते. त्याला हाक मारावी असं फार वाटलं. पण सुनेने त्या अंगणात आवाज टाकायचा नाही, हे खिडकी पाडल्यावर मामंजींनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. मी झडप थोडी वाजवली. त्याला ऐकू गेलं असणार, कारण त्याचे खांदे हलले. पण त्याने मान वर केली नाही. खोतांच्या समोर, माझ्या खिडकीकडे तो कसा बघेल?

बऱ्याच वेळाने खोतकाकांनी चुन्याचं बोट नुसतं हलवलं. तो मागे मागे सरकत अंगणाच्या कडेपर्यंत गेला, मग वळला. वळल्यावर त्याने मुंडासं बांधलं. रस्त्यावर त्याची म्हातारी, बायको आणि पोरी उभ्या होत्या, धाकटीच्या डोक्यावर हत्यारांची पेटी होती. ती त्याने आपल्या डोक्यावर घेतली आणि ते सगळे बंदराच्या उतारावर दिसेनासे झाले.

मी तिथेच उभी राहिले. वारा येत होता.