तक्त्यात नसलेलं दूध

मृणाल टिकेकर आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची, तिकडे उत्तरेत, मानक नगरला, रेल्वेच्या कॉलनीत. मूळची सांगलीची, बोलायला कमी. नवरा असा मिळालेला, की तिला तोंड उघडायची गरजच पडू नये. मधुसूदन टिकेकर आमच्या ह्यांच्याच ऑफिसात होता. मालगाड्यांच्या ब्रेकांच्या चाचण्या घ्यायचा. ऑफिसातली चाचणी पाचला संपली, की घरातली सुरू. पाहुण्यांना चहा दिला तरी हा विचारणार, "दहापैकी किती?" आता काय सांगायचं, कपाळ!

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चात मृणालला मुलगी झाली. सासूबाई, कांचनकाकू, डिंकाच्या लाडवांचे डबे घेऊन साताऱ्याहून आधीच हजर होत्या. पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्यात बाळ रडायला लागलं. अंगावर पाजलं, की अर्ध्या तासात पाय पोटाशी घेऊन लालबुंद व्हायचं, आणि मग कुणाचं काही चालायचं नाही. एक दिवस मृणाल लंगोट हातात घेऊन माझ्या दारात उभी राहिली. शी हिरवट, शेंबडासारखी, आणि तिच्यात रक्ताची रेघ.

हज़रतगंजातल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला. "माँ का दूध सूट नहीं कर रहा. डिब्बा लगा दीजिए."

"अंगावरचं मी बंद करणार नाही," मृणाल म्हणाली. हळूच म्हणाली, पण म्हणाली.

मधुसूदननं मग आपल्या पद्धतीनं तोड काढली. मृणालच्या खाण्यातलंच काहीतरी बाळाला बाधत असणार, ते महिन्याभरात शोधायचं. नाहीच सापडलं, तर एक मेपासून, सोमवारपासून, डब्याचं दूध. डबा त्यानं त्याच संध्याकाळी आणून फळीवर ठेवला, "स्टँडबाय" म्हणून.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर ग्राफ पेपर लागला. एका बाजूला पदार्थ, दुसऱ्या बाजूला तारखा, चौकटीत रडण्याची मिनिटं. घड्याळ लावून मोजलेली, हो! तत्त्व एकच: एका वेळी एकच बदल. पण घर म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. काकूंनी तूरडाळ काढली, वातूळ म्हणून. दही काढलं, थंड म्हणून. मालिशवाली रामकली म्हणाली, "बहूजी, बैंगन तो बिलकुल नहीं," की वांगं गेलं. कोबी, मिरची, शेंगदाणे, केळी सगळं गेलं. भेंडी मी काढायला लावली, चिकट असते म्हणून. खोटं कशाला बोलू? आणि एकदा गेलेला पदार्थ परत म्हणून येत नसे. कशाला उगाच रिस्क, असं सगळ्यांचं मत. शेवटी ताटात उरला भात आणि मुगाचं पाणी. आणि हो, दूध.

दूध म्हणजे दिवसाला दीड लिटर! सकाळी काकूंचा ग्लास हळद घालून, चार वाजता माझी अळिवाची खीर, संध्याकाळी पुन्हा ग्लास, खारकेची पूड घालून. ग्वाला हरिहर म्हशीचं नको म्हणून मुद्दाम गाईचं वेगळं आणायचा. तक्त्यात मात्र दुधाला रकानाच नव्हता.

एकदा मृणालनंच विषय काढला. मी तिथेच बसले होते. "अहो, दूध बंद करून बघू या का? लहानपणी मला दूध प्यायलं की अंगावर गांधी उठायच्या."

काकूंना हसूच आवरेना. "अगं वेडे, दूध प्यायली नाहीस तर तुला दूध येणार कुठून?"

"दूध कॉन्स्टंट आहे, मृणाल," मधुसूदन म्हणाला. "तेच हलवलं तर चाचणीला अर्थ काय राहिला?"

आणि मी? मी म्हटलं, "आजकालच्या मुलींना दूध टाळायला निमित्तच हवं असतं." समोरचा ग्लास उचलून ती आत गेली. आम्हाला वाटलं, पटलं तिला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रडणं कमी झालं. शुक्रवारी तर बाळ दुपारभर झोपलं. मधुसूदननं तक्ता तपासला आणि भेंडीभोवती लाल शाईनं गोल काढला. भेंडी बंद होऊन सहा दिवस झाले होते ना! दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाहीर झालं, आणि कॉलनीतल्या आणखी दोन बाळंतिणींची भेंडी बंद झाली. त्यांची बाळं धडधाकट होती, पण शास्त्रापुढे कोण बोलणार? मात्र थोड्या दिवसांच्या आकड्यांवर मधुसूदनचा विश्वास नव्हता. डबा फळीवर तसाच होता आणि सोमवार तोंडावर आला होता.

रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होते. आमच्या दोन क्वार्टरांमधली नाली पांढरीफटक वाहत होती. वर बघते तो काय! मृणालच्या खोलीच्या खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आलेला आणि हातात उपडा ग्लास. बाळाला पाजताना ती दार लावून घ्यायची, तेव्हा आत कुणी जायचं नाही, असा त्या घरचा नियम. ग्लास तेवढा आत जायचा. म्हणजे माझी खीरही ह्याच वाटेनं! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तशीच तरातरा गेले आणि काकूंना आणि मधुसूदनला सगळं सांगून टाकलं.

काकूंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे पोर उपाशी! उद्या कशाला, आत्ताच काढ तो डबा."

दार उघडलं. मृणाल बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली. "आठ दिवस झाले," ती म्हणाली. "दुधाचा थेंब घेतलेला नाही. आणि हे आत्ताचं."

तिनं लंगोट पुढे धरला. काकूंनी चष्मा लावला. पिवळीधमक शी, रक्ताचा मागमूस नाही. बाळ गाढ झोपलं होतं आणि त्याच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं, आईचं, भरपूर. सहा आठवडे रोज चार वाजता मी माझ्या हातानं त्या लेकराला रक्त यायची सोय करत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मधुसूदन मात्र तक्त्यापुढे उभा. "अच्छा. पण भेंडीही त्याच दिवशी बंद झाली. दोन बदल एकदम झाले, मृणाल. कन्फर्म करायला हवं. तू आता फक्त एक ग्लास पी, रक्त येतंय का ते बघू." आणि खरंच आत जाऊन ग्लास भरून घेऊन आला की हो!

मृणाल मागे सरकली. बाळाला तिनं असं घट्ट धरलं, की ते झोपेतच कुरकुरलं.

काकूंनी मुलाच्या हातातून ग्लास घेतला आणि स्वतःच घटाघटा पिऊन टाकला. "झाली तुझी चाचणी. खबरदार पुन्हा तिच्यापुढे ग्लास धरलास तर. माणूस आहे ती, तुझी मालगाडी नाही."

मग त्या सुनेकडे वळल्या. महिनाभर आम्ही सगळे लंगोट बघत होतो, घड्याळ बघत होतो, तक्ता बघत होतो. मृणालच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या, हे मलासुद्धा त्या दिवशी दिसलं.

"आठ दिवस काय खाल्लंस गं?"

"भात."

"आणि?"

"मुगाचं पाणी."

काकूंनी तिचं मनगट हातात धरलं. "भूक लागलीय का तुला?"

इतक्या दिवसांत मृणालच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. बाळाला घेऊन ती तिथेच जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

"फार लागलीय हो, आई," ती म्हणाली.