बाजूनं न दिसलेली ओळ

मंडळी, वाचनालयाच्या या भित्तिपत्रकावर आज सुविचाराच्या जागी आमच्या छापखान्यातली दुपारची हकिकत लिहितो.

आमच्या साप्ताहिकाला पहिला कॉम्प्युटर घ्यायचा आहे आणि ऐपत एकाचीच. विक्रेत्याने दोन आणून मांडले, एक टेबलावरचा आणि एक बॅगेत मावणारा. माझं मन बॅगेतल्यावर गेलं. लांब पालम गावाला सभा असली की तिथेच बातमी लिहून मोकळा!

बॅगेतल्यावर मी एक ओळ टाइप केली, 'पालमला नामांतराची बैठक रविवारी.' छपाईचे खिळे जुळवण्यात हयात घालवलेले आमचे बाबूराव नेहमीसारखे माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी मान तिरकी करून त्या पेटीकडे पाहिलं.

मग तीच ओळ टेबलावरच्यावर टाइप केली. बाबूराव लगेच म्हणाले, "साहेब, बैठक सोमवारी हाय. निरोप मीच घेतलाय. रविवारी लोक येऊन तिथं कुणाला भेटतील?"

"मग मघाशी का नाही बोललात?"

"मघाशी दिसलं कुठं? त्या पेटीत समोर बसल्याबिगर अक्षर दिसत न्हाई. बाजूनं नुसती काच."

विक्रेता हसला. "काका, ते एकट्यानं वापरायचं मशीन आहे."

"आमच्यात एकटं कुणी लिहीत न्हाई. साहेब लिहितेत, आमी चुका काढतो."

टेबलावरचाच ठरवला. पालमची बातमी एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाकिटातून येते, तशी येत राहील.

तुमच्या लिखाणावर बाजूला उभं राहून कोण नजर ठेवतं? खाली जागा सोडली आहे, त्यांचं नाव लिहा.