गोळी विरघळेपर्यंत बोलू नका

"हेपॅटायटिस सी निघाला आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. इंग्रजीतला रिपोर्ट त्यांनी माझ्याकडे फिरवून ठेवला, जसा काही मला तो वाचता येणार होता. मग सोप्या भाषेत सांगितलं. हा लिव्हरला धरणारा विषाणू आहे, रक्तातून रक्तात जातो. "एकमेकांची सुई वापरलीत, तिथून आला असेल. यावर औषध आहे. तीन महिने गोळ्या. बहुतेक लोक बरे होतात."

शेवटचं मी ऐकलंच नाही. डोक्यात एकच, सुनीताला झालं असेल काय. सुनीता माझी बायको, गावाकडे असते.

मी गोंदियाकडचा, सातवीत शाळा सोडलेला. पुण्यात आयटी कंपन्यांच्या इमारतींत फॉल सीलिंगचं काम करायचो. खऱ्या छताखाली जिप्समचं दुसरं गुळगुळीत छत लावतात, ते. खराडीला कामाच्या परांचीवरून पडलो आणि खांदा गेला. गल्लीतल्या डॉक्टरनं दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं. खांदा दोन महिन्यांत बरा झाला. इंजेक्शन सुटलं नाही. पुढं मी आपल्या हातानं घ्यायला लागलो, आणि विश्रांतवाडीच्या आम्हा तिघांत सुई एकच असायची.

ज्यांच्या घरी असं कोणी आहे, किंवा जे स्वतः यात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. भीती मलाही फार होती, अजून असते.

सुरुवात सरकारी दवाखान्यातल्या रक्ततपासणीच्या खिडकीपासून. तिथं हातानं लिहिलेली पाटी होती: 'चौकशीची खिडकी कुठे आहे, याची चौकशी या खिडकीवर करू नये.' मी तीनदा वाचली आणि घाबरून मागं जाऊन बसलो. आत रक्त घ्यायला सिस्टरला नस सापडेना. चार वेळा टोचलं. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाल्या, "इतकी भोकं पाडताना दुखलं नाही वाटतं? आमचीच सुई टोचते का?" बाकावरचे लोक हसले. त्या दिवशी मी तसाच उठून जाणार होतो. कित्येक जण जातातच.

गेलो नाही, कारण तेवढ्यात आलेल्या डॉक्टर मॅडमनी हात बघून विचारलं, "कुठली नस चालते, ते तुम्हालाच माहीत असेल ना?" मी मनगटामागची दाखवली. एका टोचण्यात झालं.

रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला खालच्या मजल्यावरच्या व्यसनमुक्तीच्या सेंटरला पाठवलं. तिथं ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी देतात. शरीर इंजेक्शनची जी मागणी करतं, अंग मोडून येतं, नाक गळतं, पोटात कळा येतात, त्याला विथड्रॉवल म्हणतात. ते ही गोळी शांत ठेवते. सिस्टर समोर बसून गोळीचा चुरा करून जिभेखाली ठेवतात. दहा मिनिटं तशीच विरघळू द्यायची. सोबत नव्या सुयांचं पाकीटही दिलं. मी चमकलो. मॅडम म्हणाल्या, "सुटायला वेळ लागेल. तोवर जिवंत राहणं आणि दुसऱ्याचं रक्त अंगात न घेणं, एवढं जमवा. लिव्हरच्या गोळ्या मी देणारच आहे. पण बरे होऊन पुन्हा तीच सुई घेतलीत तर पुन्हा होईल."

म्हणजे सगळं या चुऱ्यावर होतं. तो लागू पडला तर सुई सुटणार होती.

गोळी देणाऱ्या सिस्टर नवीन होत्या, वारज्याहून यायच्या. नुकतंच त्यांचं ट्रेनिंग झालं होतं. पहिल्या दिवशी चुरा ठेवला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून विचारलं, "दादा, गाव कोणतं तुमचं? घरी कोण कोण असतं?"

पुण्यात येऊन सहा वर्षं झाली होती. ठेकेदारानं कधी विचारलं नव्हतं. आणि आमच्याकडं बाईमाणसानं आपुलकीनं विचारल्यावर मुक्यासारखं बसणं बरं दिसत नाही. मी सांगितलं. तलावाचं सांगितलं, शिंगाड्याचं सांगितलं. बोलता बोलता तोंडातलं पाणी गिळत गेलो.

दुपारपासून अंग मोडायला लागलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी उलट्या. मला वाटलं, माझं व्यसनच इतकं वाईट की औषधही हरलं. सांगायची लाज वाटली, सिस्टर इतक्या चांगल्या बोलायच्या.

चौथ्या दिवशी दुपारी मी जुन्या सोबत्यांकडं गेलो आणि घेतलं. खोटं कशाला लिहू. पण माझी सुई मी कोणाला दिली नाही, आणि कोणाची घेतली नाही. त्यांनी मागितली तेव्हा पाकिटातली नवी काढून दिली. "लय शहाणा झाला बे," एक जण म्हणाला. पण घेतली.

पाचव्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. सांगताना रडलो. वाटलं, आता नाव कापतील. त्या म्हणाल्या, "सांगितलंत हे बरं केलंत. गोळी कशी घेता, ते दाखवा."

सिस्टरनी चुरा ठेवला आणि रोजच्यासारखं विचारलं, "झोप लागली का दादा?"

"कुठली सिस्टर," मी म्हणालो, आणि माझा घोट खाली गेला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "गिळलंत. पोटात गेलं की याचा फारसा उपयोग होत नाही. चार दिवस तुम्ही औषध जेवलात."

सिस्टरचा चेहरा उतरला. "मॅडम, ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, पेशंटशी बोलत जा."

"बोला की. त्याच्या तोंडात काही नसताना बोला."

त्या दिवसापासून सिस्टर माझ्यासमोर दहा मिनिटं गप्प बसायच्या. तोंडावर बोट ठेवून हसायच्या. दोन दिवसांत अंग शांत झालं. भिंतीवर त्यांनी स्वतः कागद लावला: 'गोळी विरघळेपर्यंत बोलू नका. सिस्टर बोलल्या तरीही.'

मग सुनीताला फोन करायची हिंमत आली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रडून नका राहू. मी येऊन राह्यली." तिची तपासणी झाली. त्या दोन दिवसांत मी काय जेवलो आठवत नाही. तिच्यात काही निघालं नाही. लिव्हरच्या गोळ्या तीन महिने तिनं समोर उभं राहून दिल्या.

औषध संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. विषाणू सापडला नाही. जिभेखालची गोळी अजून चालू आहे. ती कधी कमी करायची ते मॅडम ठरवतील, मी घाई करत नाही.

परवा सेंटरवर नव्या सिस्टर लोकांचं ट्रेनिंग होतं. मॅडमनी मला बोलावलं. हॉलमध्ये इतके पांढरे कपडे बघून मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो. आधी आमच्या सिस्टर उभ्या राहिल्या. मी गिळलेल्या चार दिवसांची गोष्ट त्यांनी आपली चूक म्हणून सांगितली. दुसऱ्या कोणावर ढकललं नाही. शिकलेलं माणूस असं सांगू शकतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग मी बाही वर केली. हात दाखवले. एवढंच बोललो, "नस सापडली नाही तर आम्हालाच विचारा. आम्ही सांगतो. टोमणा मारला की आम्ही परत येत नाही, आणि आजार मात्र फिरत राहतो." मागच्या रांगेत एक सिस्टर वहीत लिहून घेत होती. मी बोललेलं आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं.

नंतर खाली जाऊन रोजची गोळी घेतली. दहा मिनिटं झाली. तोंड उघडून दाखवलं, जिभेखाली काही उरलं नव्हतं.

"आता बोला," सिस्टर म्हणाल्या. "तलावाचं अर्धवट राहिलंय तुमचं."

सुनीतानं गावाहून आणलेल्या उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी मी टेबलावर ठेवली, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.