खिडकीपर्यंतची नळी

प्रभाकर गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी पैठणला होतो. पांढरा सदरा अंगात चढवला आणि मिळेल ती एसटी पकडली. उस्मानपुऱ्यातल्या त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सगळेच पांढऱ्यात आलेले. तो असता तर एकेकाला जिन्यावरून हाकलून दिलं असतं.

त्याचं कामच तसं होतं. विमानाला लावलेला कॅमेरा खडकांवरून परतणारं ऊन शेकडो रंगांत फोडून टिपतो. त्या चित्रांवरून कुठल्या डोंगरावर कुठलं खनिज असेल, हे प्रभाकर शोधायचा. मग खात्री करायला यंत्र घेऊन स्वतः डोंगर चढायचा, तोही कायम काळ्या कपड्यांत. पांढऱ्या शर्टाचा उजेड दगडावर पडला की यंत्र फसतं, म्हणे. उन्हाच्या आड कुणी आलं तर खेकसायचा, "सरक, सावली पडती!" आम्ही शाळूसोबती त्याला कावळाच म्हणायचो.

पुढं फुप्फुसं आकसत गेली. ऑक्सिजनच्या यंत्राची नळी पलंगापासून खिडकीपर्यंत पुरायची, दारापर्यंत नाही. डोंगर तुडवणारा माणूस तेवढ्या लांबीत राहू लागला. अर्धा तास बसलं तरी माझाच जीव गुदमरायचा... मला अजूनही त्याच्या मरणापेक्षा त्या नळीचा राग जास्त येतो. तो मात्र लॅपटॉपवर राजस्थानातली एक टेकडी न्याहाळत बसायचा. तिच्यावर पांढऱ्या मातीचं खनिज दिसत होतं. ते वरवरचं नसून दगडात आतपर्यंत असेल, तर खाली तांबं असण्याची आशा.

"विमानाला नुसती कातडी दिसती रे," तो धापा टाकत म्हणायचा. "दगड फोडल्याबिगर खरं नाय. एकदा तिथं ने मला."

लिफ्ट नव्हती, आणि डॉक्टर तर ऐकूनच घेत नव्हते. शेवटी त्याचा एक सहकारी म्हणाला, तिथला दगडच आणून देतो. मग रोज एकच प्रश्न, "आला का?"

दगड आला तो प्रभाकर गेल्यावर. परवा मी मुद्दाम काळा शर्ट घालून गेलो, तर तो खिडकीत ठेवलेला. पलंग हलवला होता, नळी तेवढी गुंडाळून खिळ्याला अडकवलेली. वहिनींनी त्याची हातोडी आणून माझ्या हातात दिली.

"फोडा भाऊजी. लई वाट बघितली त्यांनी."

तिसऱ्या घावाला दगड दुभंगला. मी घाईनं वाकलो.

"सरका जरा," वहिनी म्हणाल्या, "सावली पडती."

मी सरकलो. दगड आतपर्यंत पांढरा होता.