मुळावरच्या गाठी

आमचा वरचा माळ जांभ्या दगडाचा, तांबडा. महाबळेश्वराकडचा पाऊस मातीतला कस धुऊन न्यायचा. कुसळाच्या गवताशिवाय तिथं काही यायचं नाही, आणि दिवाळीनंतर त्याला जनावर तोंड लावायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर थोरल्या भावानं ठरवलं, चारा नाही तर दोन्ही म्हशी विकायच्या. दादा पलटणीतून पेन्शनीवर आलेला, त्याचा शब्द म्हणजे हुकूम. मला म्हशी विकायच्या नव्हत्या.

शेती खात्याच्या एका साहेबानं मला स्टायलो नावाच्या चाऱ्याचं बी दिलं. शेंगवर्गातलं हे झाड हवेतलं खत आपलं आपण मुळाशी ओढतं, म्हणाला. पण आपली माती आंबट, ते काम करणारे जिवाणू तिच्यात तगत नाहीत. म्हणून बियाला गुळाच्या पाण्यातनं जिवाणूंची काळी भुकटी चोळायची, वरनं चुनखडीची पूड. शाळा मी चौथीतच सोडली, पण एकदा ऐकलेलं विसरत नाही. ओसरीच्या सावलीत बी चोळत बसलो. शेजारी डोकावला.

"बियाला चुना लावतोय व्हय रं? का सायबानं तुलाच लावला?"

"तुज्या तंबाखूला उरला तर दीन," मी म्हणालो.

बी उगवलं, पण पिवळट आणि बोटभर. कुसळ त्याच्या डोक्यावर गेलं. मी खुरपत राहिलो. गणपती उठल्यावर दादानं एक रोप उपटून बघितलं, तर मुळाला बारीक गाठी. आदल्या साली खालच्या रानातली आमची वांगी मुळाच्या गाठींनीच बसली होती.

"रोग हाय ह्यो. समदं उपटून जाळ. खालच्या रानात उतरल."

"न्हाई उपटणार."

"आन वांगी गेली तर?"

"तर म्हशी तुमीच बाजारात न्या, दादा. मी आडवा येणार न्हाई."

वांग्याचं मूळच सुजलेलं असायचं. ही गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली, बोटानं सुटली. नखानं फोडली तर आत लालसर. खत ओढणाऱ्या गाठीची साहेबानं हीच खूण सांगितली होती.

"रगात हाय का काय ह्यात?" दादा म्हणाला.

"जितं हाय म्हणायचं."

"पलटणीत असतास तर लय महागात पडलं असतं तुला," म्हणत तो माळ उतरला. पण उपटायला लावलं नाही.

दिवाळीनंतर कुसळ वाळलं, स्टायलो मात्र अंग धरून हिरवा राहिला. म्हशींनी पहिल्या दिवशी नुसता हुंगला. दुसऱ्या दिवशी वाळल्या गवतातनं तेवढाच निवडून खाल्ला. पुढं व्यापारी म्हशी बघायला आला. दादानं त्याला चहा पाजला आणि दावणीकडं न नेताच वाटेला लावलं.