इंदूबाईंच्या टाचेखालचं रेशीम

इंदोरा वस्तीत कोणालाही विचारा, फॉल लावणाऱ्या इंदूबाई कुठं राहतात, तर माणूस हातातलं काम टाकून दारापर्यंत आणून सोडेल. बावीस वर्षं झाली, इंदूबाई गजभिये साड्यांना फॉल लावताहेत, आणि तोही हातानं. मशीनवर दहा मिनिटांत उरकणारं काम बाई पाऊण तास घेऊन करतात आणि वर ऐकवतात, "मशीनचा फॉल साडीले धरून ठेवते. माह्या हातचा फॉल साडीसंगं चालते." यात बढाई असेल, पण खोटं काही नाही.

त्यांची बसायची रीत ठरलेली. जमिनीवर चादर अंथरायची, डावा पाय लांब पसरायचा, साडीचा काठ टाचेखाली दाबायचा आणि ताणून धरत एकेक टाका घालत यायचं. टाच हलली नाही तर काठ हलत नाही, आणि काठ हलला नाही तर टाका वाकडा जात नाही. टाच म्हणजे बाईंचा तिसरा हातच म्हणा ना.

आणि डिसेंबरात नेमकी तीच टाच उलली. दर थंडीत थोड्याफार भेगा पडायच्याच, पण यंदा अशा पडल्या की बाई घरातल्या घरात चवड्यांवर चालू लागल्या. तरी काम थांबवलं नाही. आणि मग व्हायचं ते झालंच. महाल भागातल्या चिन्मयी सारीज या दुकानाची एक अबोली रंगाची रेशमी साडी दुकानात उघडली, तर काठाजवळ दोन बोटं लांब धागा ओढलेला. दुकानाचे मालक केशवराव तसे सज्जन, पण त्या दिवशी चारचौघांत बोलून गेले, "इंदूबाई, तुमच्या टाचा बघा एकदा. वजरीनं घासण्याऐवजी वजरीलाच घासून काढतील. आता रेशीम नको, मी तुम्हाला सिंथेटिक देत जाईन."

गिऱ्हाईकं हसली. बाईंनी पाय साडीच्या घोळात ओढून घेतले आणि घरी आल्या. सिंथेटिकला मशीनचा फॉलही चालतो हो. रेशीम गेलं तर हातानं फॉल लावणाऱ्या बाईला विचारतो कोण? आणि संक्रांत सरली की लगीनसराई उभी.

इंदूबाई रडल्या नाहीत, चिडल्या. आणि तेही स्वतःच्या पायांवर. हे फार वाईट, कारण पायांवर चिडलेला माणूस ब्लेड हातात घेतो. बाईंनी घेतलं. टाचेचं कातडं सोलून काढलं, रक्त आलं. तेवढ्यानं मन भरलं नाही म्हणून शेजारणीनं सांगितल्यावरून बिब्बा तापवून भेगांत भरला. तो उतला. दोन्ही पाय टम्म सुजले, फोड आले, खाजेनं जीव नकोसा झाला.

आता गंमत बघा. बाईंची सून मेघा जरीपटका भागात ब्यूटी पार्लरमध्ये कामाला. दिवसभर लोकांचे पाय भिजवून, घासून, चोपडून लोण्यासारखे मऊ करायची, आणि घरी सासूचे पाय हे असे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ती बिचारी दोन वर्षांपासून मागं लागली होती, पण बाई पायाला हात लावू देतील तर शपथ.

"छप्पन साली तुह्ये आजेसासरे धम्माची दीक्षा घेऊन आले, तवापासून या घरात कोणी कोणाच्या पाया पडलं नाही," त्या म्हणायच्या. "मंग तू काहून माह्ये पाय धरशीन?"

"आई, मी पाया पडून नाही राहिली. पाय पाहून राहिली."

"एकच झालं."

बिब्ब्यानंतर मात्र मेघा ऐकेना. आधी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं शुगर तपासली, ती नॉर्मल निघाली, आणि फोड बसेपर्यंत लावायला मलम दिलं. फोड बसले तशी मेघा सासूसमोर मांडी घालून बसली.

"बरं, मी हात नाही लावत. तुमीच करा, मी नुसतं सांगते. पण आधी सांगा, दिवसातून पाय किती डाव धुता?"

"प्रत्येक साडीच्या आधी."

"कशानं?"

"कपड्याच्या साबणानं. अन् मंग पावडर चोळते, घाम नाही पायजे."

"अन् तेल?"

"तेल? येडी झाली का वं? रेशमाले तेलाचा डाग लागला तं तो निघते का?"

मेघानं कपाळाला हात लावला. बावीस वर्षं! बावीस वर्षं बाईंनी रेशमाला जपलं आणि टाचेला तेलाचा थेंब दिला नाही. रेशीम वाचवायला म्हणून पाय कोरडे ठणठणीत ठेवले, आणि त्याच कोरड्या पायांनी रेशीम खराब केलं. अशी चूक आळशी माणसाच्या हातून होत नाही, त्याला इंदूबाईंसारखी कामाची बाईच लागते.

मग मेघानं नियम घातला. पायाला तेलकट काही लागायचं ते सगळ्या साड्या घड्या होऊन कपाटात गेल्यावरच, म्हणजे डागाची धास्ती नाही. संध्याकाळी टबात कोमट पाणी, कढत नाही, आणि त्यात पंधरा मिनिटं पाय सोडून बसायचं. वजरी फिरवायची ती हलकी, तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तशी. टॉवेलनं पाय टिपायचे, आणि ते ओलसर आहेत तोवरच व्हॅसलीनचा जाड थर देऊन वरून सुती मोजे चढवायचे. सकाळी अंगाच्या साबणानं एकदाच धुवायचे आणि पुसायचे, पुढं कामाला मोकळ्या. कपड्याचा साबण बंद, रबरी स्लिपरही बंद. मागून टाच झाकणारी चप्पल मेघानंच आणून दिली.

"मोजे घालून झोपाचं? मी का शाळेत जाऊन राहिली?" बाई कुरकुरल्या. पण घातले.

आणि स्वतःची परीक्षा त्यांनी स्वतःच लावली. घरात जुना रेशमी ब्लाउजपीस होता. रोज सकाळी तो टाचेवरून ओढून बघायचा. पहिल्या दिवशी बारा ठिकाणी अडकला. चौथ्या दिवशी दहा. नवव्या दिवशी अजून सहा, आणि बाईंचा धीर सुटला. लगीनसराई तोंडावर, किती वाट बघायची? मेघा आंघोळ करून बाहेर येते तर सासूच्या हातात पुन्हा ब्लेड.

"आई," ती शांतपणे म्हणाली, "रेशमाची सुरकुती तुमी ब्लेडनं काढता का?"

बाईंनी मुकाट्यानं ब्लेड तिच्या हातात दिलं.

सव्विसाव्या सकाळी ब्लाउजपीस टाचेवरून निघून गेला. कुठंच अडकला नाही. बाईंना खरं वाटेना. उलटा ओढला, आडवा ओढला, दुसऱ्या पायावरून ओढला. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"मेघा, इकडं ये वं," त्यांनी हाक मारली आणि आपणहून पाय पुढं केला. "लाव हात. पाह्य."

मेघानं टाचेवरून हात फिरवला आणि नुसती हसत राहिली.

त्याच दुपारी इंदूबाई महालात पोचल्या. चिन्मयी सारीजमध्ये पारशिवनीहून आलेलं लग्नघर बसलेलं, आणि नवरीची आई तणतणत होती. मशीनवाल्यानं फॉल लावलेल्या शालूचा काठ चुण्या पडून गोळा झालेला, आणि त्यांची गाडी पाच वाजता. केशवराव अनवाणी पायांनी पांढऱ्या गादीवर उभे, चारी बाजूंना साड्या पसरलेल्या, चेहरा उतरलेला. गल्ल्यावर त्यांच्या आई यमुताई. वय शहात्तर, पण दुकान अजून त्यांच्याच नजरेवर चालतं.

"तो शालू मले द्या भाऊ," इंदूबाई म्हणाल्या. "उसवून पुन्हा लावते. पाचच्या आत."

"इंदूबाई, आपलं ठरलंय ना? रेशीम नको म्हणून?"

"मंग पारखून घ्या."

"घे की पारखून," यमुताई गल्ल्यावरून म्हणाल्या आणि रेशमाचा एक कापलेला तुकडा पुढं टाकला.

इंदूबाई गादीच्या कडेला टेकल्या, चप्पल काढली आणि सगळ्यांदेखत तो तुकडा टाचेवर ठेवून सोडून दिला. तो सरळ घसरून खाली पडला. यमुताईंनी चष्मा लावला, तुकडा उजेडात धरला, उलटून पालटून पाहिला. एक धागा हललेला नव्हता.

"आता तुमचा पाय, भाऊ," इंदूबाई म्हणाल्या.

"माझा कशाला?" केशवराव हसले.

"दिवसभर या साड्यांच्या मधातून अनवाणी तुमीच तं फिरून राहिले."

केशवरावांनी आईकडं पाहिलं. आई तुकडा पुढं धरून बसलेली. नाइलाजानं त्यांनी पाय पुढं केला. यमुताईंनी स्वतःच्या हातानं तुकडा टाचेवरून ओढला आणि तो अर्ध्यात अडकला. ओढून काढला तेव्हा दोन बोटं लांब धागा बाहेर आला होता.

"केशव," यमुताई म्हणाल्या, "ती अबोली साडी कुणाच्या टाचेनं गेली रे?"

केशवरावांनी पाय मागं घेतला.

"माह्याही टाचेनं गेली असन," इंदूबाईच म्हणाल्या. "तवा माह्याही उललेल्याच होत्या, मी नाही म्हणत नाही. पण आता माह्या बऱ्या आहेत."

"तू खाली उतर गादीवरून," यमुताईंनी मुलाला सांगितलं. "आणि इंदूबाई, तुम्ही वर बसा. शालू इथंच होऊ दे, माझ्यासमोर."

केशवराव उतरले. इंदूबाई वर चढल्या, अंग सावरून बसल्या, सगळ्या दुकानासमोर डावा पाय ऐटीत लांब पसरला आणि नवरीच्या शालूचा काठ टाचेखाली दाबला. सुईत दोरा ओवला. पहिला टाका पडला, दुसरा पडला, काठ रुळासारखा सरळ. नवरीची आई तणतणायची थांबून बघत राहिली.

थोड्या वेळानं केशवराव गादीच्या कडेशी वाकले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "इंदूबाई, तुम्ही लावता तरी काय?"

बाईंनी मान वर केली नाही. "आधी मोजे घेऊन या," त्या म्हणाल्या. "बाकीचं फॉल झाल्यावर सांगते."