शिडीमावशींचा प्रश्न

आमच्या वेधशाळेत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा शब्द 'शनी' नाही, 'दिसलं' हा आहे. आणि तो निम्म्या वेळा खोटा असतो. वीस वर्षं तिथे दुर्बीण लावण्याचं काम केलेला माणूस हे सांगतोय, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही. माणूस पाऊण तास रांगेत उभा राहतो, शिडी चढतो, भिंगाला डोळा लावतो आणि त्याला दिसतात स्वतःच्या पापण्या. पण मागे पन्नास जण खोळंबलेले असतात. मग तो म्हणतो, "वा, दिसलं," उतरतो आणि जन्मभर शनी पाहिल्याचं सांगत फिरतो.

हे एकाच बाईंना कधी खपलं नाही. त्यांना सगळे शिडीमावशी म्हणतात. आमच्या हौशी खगोल मंडळाची वेधशाळा म्हणजे एका तीन मजली इमारतीची गच्ची, वर सरकवता येणारं पत्र्याचं छप्पर, आणि मंडळींनी हाताने बनवलेली उंच दुर्बीण. तिचं डोळा लावायचं भिंग नळीच्या वरच्या टोकाशी आहे, म्हणून पाच पायऱ्यांची शिडी. महिन्यातल्या एका शनिवारी साडेसात ते साडेनऊ गच्ची सगळ्यांना खुली असते. त्या दोन तासांत मावशी एका हाताने शिडी धरून उभ्या राहायच्या आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "काय दिसलं?"

'छान होतं' हे उत्तर चालायचं नाही. 'ग्रह' चालायचा नाही. कडी कुठल्या बाजूला झुकली आहे, शेजारी बारीक ठिपका आहे का, हे सांगता आलं नाही की मावशी म्हणायच्या, "उतरू नका." मग मी दुर्बीण पुन्हा लावायची, त्यांनी माणसाला चष्मा काढायला लावायचं, दुसरा डोळा हाताने झाकायला लावायचं, आणि तो आपणहून "अरे" म्हणेपर्यंत सोडायचं नाही.

मावशी शाळांचे गणवेश शिवतात. एका खोलीत दोन मशिनी, भिंतीला कापडाचे तागे, दाराशी आरसा. नवा शर्ट घालून आरशासमोर उभं राहिलेलं माणूस भिडेपोटी "बरोबर बसलाय" म्हणतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. त्यावर त्यांचं एकच उत्तर ठरलेलं, "हात वर करा." हात वर केला की काखेत ओढतंय का ते लपत नाही.

त्यांची स्वतःची गोष्ट मला त्यांच्या लेकीने सांगितली. मावशी पस्तिशीच्या असताना थोरल्या जावेबरोबर पहिल्यांदा वेधशाळेत आल्या. शिडी चढल्या, मिट्ट काळोख पाहिला, "दिसलं" म्हणाल्या आणि घरी गेल्या. लेकीने विचारलं, कसा होता गं शनी? तर मावशींनी पाठ्यपुस्तकातलं चित्र वर्णन करून वेळ मारून नेली. लेक खूश झाली, पण मावशींना महिनाभर चैन पडेना. पुढच्या महिन्यातल्या खुल्या शनिवारी त्या एकट्याच आल्या आणि तेव्हा दुर्बीण लावणाऱ्या गुरुजींना म्हणाल्या, "मागच्या वेळी मी खोटं बोलले. आज दिसल्याशिवाय उतरणार नाही." त्या दिवसापासून शिडी त्यांची झाली.

आता सेक्रेटरींकडे वळू. माणूस वाईट नाही. मंडळ त्यांच्याच जिवावर चाललंय, पण हातातल्या घड्याळावर त्यांचा फार जीव. गर्दी वाढली, लोक परत जायला लागले, तेव्हा त्यांनी नियम काढला, माणशी तीस सेकंद. एवढंच असतं तर ठीक होतं. पण आमच्या दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते तसा ग्रह दीड मिनिटात भिंगातून निसटतो आणि मला नळी ढकलून तो परत आणावा लागतो. त्यात वेळ जातो म्हणून सेक्रेटरींचा हुकूम, पाच जणांनंतर एकदाच लावायची. म्हणजे पाचातल्या शेवटच्या दोघांना काय दिसणार, ते तुम्हीच समजा. मला ते कळत होतं. मी मूग गिळून गप्प बसलो.

मावशी गप्प बसल्या नाहीत. शंभर जणांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यापेक्षा चाळीस जणांना दाखवा, असं त्यांनी भर गच्चीवर सुनावलं आणि आपला प्रश्न विचारतच राहिल्या.

मग मोठे पाहुणे आले. कारखानदार होते आणि मोटरवाली नवी दुर्बीण देतो म्हणाले होते. सेक्रेटरींनी मावशींना आधीच बजावलं होतं, आजच्या दिवस तोंड बंद ठेवा, साहेबांना काही विचारलंत तर शिडी सुटली म्हणून समजा. पाहुणे शिडीवर चढल्यावर सेक्रेटरींनी दोन मिनिटं मंडळाचा इतिहास सांगितला. मग पाहुण्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, अप्रतिम, कडी अगदी कोरल्यासारखी स्पष्ट आहे.

मावशींनी त्यांच्या मागून दोन पायऱ्या चढून, टाचा उंचावून भिंगात पाहिलं. आत काहीच नव्हतं. शनी इतिहासाच्या मध्यावरच निघून गेला होता.

"साहेब, उतरू नका," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही दिसलेलं नाही. आम्ही परत लावून देतो."

पाहुण्यांना उशीर होत असल्याचं अचानक आठवलं. दुर्बिणीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आठवड्याने कार्यकारिणी बसली. मावशींना शिडीवरून काढायचा ठराव आला. सात हात वर झाले आणि त्यात एक माझा होता. कारण विचाराल तर कारण काही नाही, सगळ्यांचे वर झाले म्हणून. हात वर केला आणि काखेत कुठेतरी ओढलं.

निरोप द्यायलाही मलाच पाठवलं. मावशी कॉलर शिवत होत्या. मशीन न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," त्या म्हणाल्या. "शिडी मंडळाची आहे. डोळा माझा आहे."

पुढच्या खुल्या शनिवारी त्या आल्या, पण गच्चीच्या दारातून सरळ आत नाही, रांगेतून. त्यांनी पुढची माणसं मोजली आणि आपल्या मागच्या दोघांना पुढे जाऊ देऊन स्वतः मागे सरकल्या. त्यांचा हिशोब माझ्या उशिरा लक्षात आला. त्यांना पाचातला पाचवा नंबर हवा होता.

शिडीशी आता खुद्द सेक्रेटरी उभे होते. मावशी चढल्या, डोळा लावला. तीस सेकंद झाले.

"झालं, पुढे," सेक्रेटरी म्हणाले.

"दिसलं नाही."

"बाई, मागे रांग आहे."

"मी रांगेतूनच आले. दिसलं नाही."

त्या शिडीवर बसल्याच, सगळ्यात वरच्या पायरीवर, मांडीवर हात ठेवून. सेक्रेटरींच्या कपाळावर आठ्या आल्या, मागे कुजबुज सुरू झाली. आता लोक मावशींवरच चिडणार असं मला वाटलं. तेवढ्यात आधीच पाहून कठड्याशी गेलेला एक चष्मेवाला गृहस्थ घसा खाकरून म्हणाला, खरं सांगायचं तर मलाही नाही दिसलं. त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, मलाही नाही. मग जिन्यापर्यंत पोचलेल्या दोन बहिणी परत फिरल्या. बघता बघता अकरा जण शिडीशी येऊन उभे राहिले.

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. पाचांचा नियम मला पाठ होता. मी नळीला हात घातला आणि शनी भिंगात आणला.

त्या रात्री प्रत्येकासाठी दुर्बीण नव्याने लावली. साडेनऊपर्यंत जेमतेम चौतीस जणांनी पाहिलं. बाकीचे पुढच्या महिन्यात येतो म्हणून गेले, काही जण कुरकुरतही गेले. मावशींना कुणी परत बोलावलं नाही, ठरावही रद्द झाला नाही. त्या नुसत्या उतरल्या, शिडीला हात लावून उभ्या राहिल्या, आणि तो हात काढायची कुणाची छाती झाली नाही.

गच्ची रिकामी झाल्यावर मी छप्पर ओढायला निघालो, तेव्हा सेक्रेटरींनी घड्याळ खिशात टाकलं आणि एकेक पायरी जपून चढले. एकोणीस वर्षं मंडळ चालवलं त्यांनी, पण त्यांना शिडीवर पाहिल्याचं मला आठवेना. कायम कुणाला तरी पुढे घालण्यातच त्यांची संध्याकाळ जायची. त्यांनी बराच वेळ डोळा लावला.

"दिसलं," ते म्हणाले आणि उतरायला वळले.

"काय दिसलं?" मावशींनी विचारलं.

सेक्रेटरी वरच थांबले. 

"पापण्या," ते म्हणाले.

"उतरू नका," मावशी म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "लाव रे परत."